तुरटी गेल्याची खूण

वेणीमाधवला लोकांनी रंगखात्याच्या अंगणात धरलं, तेव्हा त्याला वाचवू शकेल असं तिथं एकच माणूस होतं आणि ते मी होते. माझ्या एका वाक्यावर त्याचा जीव होता. ते वाक्य मला पाठ होतं, आणि तोंडातून बाहेर येत नव्हतं.

मी आता एक्क्याऐंशीची आहे. परवाचं जेवण आठवत नाही, पण ते अंगण फरशीफरशीनं आठवतं.

आमची मिल स्टेशनच्या अलीकडे होती. तिचं नाव सांगत नाही. मालकांची नातवंडं भली माणसं आहेत. आमच्या गल्लीत घड्याळ कुणाकडेच नव्हतं. पहिल्या भोंग्याला चूल पेटायची, दुसऱ्या भोंग्याला भाकरी नि शेंगाची चटणी फडक्यात बांधायची आणि तिसऱ्या भोंग्यानंतर जो फाटकाबाहेर राहिला त्याला तात्याबा मुकादमाच्या हातची वादी. यंत्राच्या तुटलेल्या पट्ट्यातून कापलेली ती कातडी वादी तात्याबाच्या खांद्यावर उपरण्यासारखी असे. एका फटक्यात सदरा फाटायचा. आम्ही त्यावर हसायचो सुद्धा. सदरा वाचवायला माणसं तो काढून हातात घेऊन धावत यायची.

माझे वडील कल्लप्पा रंगखात्याचे मास्तर. आमचं घराणं अक्कलकोटकडचं, घरात कानडी आणि बाहेर मराठी. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पाचा लाल रंग सोलापुरात कुणाला साधला नव्हता. लुगडं धुवून धुवून विरायचं, पोतेऱ्याला लागायचं, तरी काठ कुंकवासारखा.

ह्या रंगाची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. सुताला आधी तेल आणि खार, मग तुरटी. तुरटी धाग्यात मुरली की वरची जादा तुरटी काढून टाकावी लागे, नाहीतर लाल डागाडागानं बसे. ती काढायला मेंढ्यांच्या लेंड्या कालवलेल्या कढत पाण्याचा हौद होता. लेंड्या सांगोल्याहून पोत्यांनी येत. जाड बांबूच्या दांड्यावर सुताच्या लडी टांगायच्या आणि त्या पाण्यातून फिरवायच्या. कमी फिरवल्या तर डाग, जास्त फिरवल्या तर रंगच धरत नाही. नेमकी वेळ फक्त अप्पाला कळे. तो लडीचं टोक पिळायचा, जिभेला लावायचा, क्षणभर डोळे मिटायचा आणि थुंकायचा. जीभ आकसली की तुरटी अजून आहे, लड परत हौदात. जीभ आकसली नाही की काम झालं. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा तो हे करी. रंगखात्यातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्यात कुणाला काही वाटत नसे.

माझा थोरला भाऊ शरणप्पा, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, अप्पाच्याच हाताखाली होता. त्याच्या जिभेला ती खूण कधी सापडली नाही. अप्पा त्याला त्याच दांड्यानं मारी, कढत पाण्यातून काढलेल्या, पाणी निथळत असलेल्या. पंचविशीतल्या माणसाला सगळ्या खात्यासमोर. अण्णा मुकाट्यानं मार खायचा. तीस साली लष्करी कायदा होता तेव्हा डोक्यावरची पांढरी टोपी काढ म्हटल्यावर त्यानं काढली नाही. एका सोजिरानं बंदुकीच्या दस्त्यानं त्याचा डावा कान कायमचा बंद केला. तेव्हाही तो ओरडला नव्हता म्हणतात. त्याच्यात ते सगळं साठत होतं. आम्हाला वाटायचं तो शांत आहे.

मी सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आले होते आणि रीळखात्यात सूत गुंडाळायला जात होते. मराठी पाचवी झालेली. बायकांत तेवढं शिकलेली मी एकटीच.

तेहेतीस साली जपानी कापडानं बाजार बुडवला. त्यात अप्पा हिवतापानं तीन आठवडे पडला आणि तेवढ्यात लालाचे दोन घाणे वाया गेले. आपला सगळा लाल एका म्हाताऱ्याच्या जिवावर उभा आहे हे मालकांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी पुण्याच्या एका कॉलेजाशी करार केला. मॅनेजरसाहेबांनी तो कापसाच्या गाठीवर उभं राहून वाचून दाखवला. मिलनं आपली रीत कॉलेजला दाखवायची, कॉलेजनं आपलं शास्त्र मिलला द्यायचं. एक विद्वान माणूस वर्षभर इथं राहील. त्याचा निबंध विद्यापीठात जाईल आणि आपला लाल साऱ्या हिंदुस्थानात.

अप्पानं खालून विचारलं, "आनि आमी कुटं जानार?"

माणसं खो खो हसली. सगळ्यात मोठ्यानं हसला त्याच्या पाठीत तात्याबाची वादी बसली.

वेणीमाधव आला तो छत्री, कोट आणि पुस्तकांच्या दोन ट्रंका घेऊन. सव्वीस वर्षांचा, काटकुळा, रसायनात पहिला आलेला. पहिल्याच दिवशी तात्याबा एका माणसाला लड खाली पडली म्हणून मारत होता, तर हा मध्ये गेला. वादी याच्या मनगटावर बसली आणि कातडं सोललं. तात्याबानं साहेब म्हणून पाय धरले, पण मनातून त्यानं ते कधी सोडलं नाही. मुकादमाचा हात अडवलेला लोकांनी पाहिला होता.

त्याच दिवशी वेणीमाधव हौदाकडे निघाला आणि उंबऱ्यातच भडाभडा ओकला. कढत लेंड्यांचा वास सवय नसलेल्याला सोसत नाही. दोनदा प्रयत्न केला, दोनदा ओकला. मग अंगणातल्या लिंबाखाली त्याचं टेबल मांडलं गेलं. "बामनाला वास आला," असं अप्पा गावभर सांगत सुटला.

हौद ते लिंब तीस पावलं. तेवढ्यासाठी माणूस हवा होता, लिहिता येणारा आणि अप्पाची कानडी-मराठी कळणारा. मला रीळखात्यातून काढून तिथं नेमलं.

माझ्या आयुष्यातले ते सहा महिने मी अजून जपून आहे. वेणीमाधवनं मला उष्णतामापक वाचायला शिकवलं. मी हौदावर जायची, पाहायची, मोजायची, परत येऊन त्याच्या वहीत लिहायची. तो मला रुद्राणीबाई म्हणे आणि तुम्ही म्हणे. मला तोवर मिलमध्ये कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं. घरी अप्पा "ए रंडके" म्हणूनच हाक मारी; त्यात राग असे असंही नाही, सवय होती. लिंबाखाली गेलं की मी दुसरीच कुणी व्हायची. पदर नीट घ्यायची. बोलताना हाय-न्हाय टाळायची.

आणि देवाणघेवाण होत होती, खरंच होत होती. लालावर मधूनच काळसर झाक का येते हे अप्पाला चाळीस वर्षं कोडं होतं. वेणीमाधवनं पाणी तपासलं आणि सांगितलं की नळाचा गंज उतरतोय. लोखंडी नळ काढून तांब्याचा बसवला आणि झाक गेली. अप्पानं ती लड उन्हात धरून बराच वेळ पाहिली. त्या दिवशी पहिल्यांदा तो लिंबापर्यंत चालत गेला आणि म्हणाला, "पोरगं शानं हाय की." मग तेलाचं प्रमाण, खाराचं माप, आजवर पोटच्या पोरालाही नीट न सांगितलेलं एकेक तो सांगू लागला. अण्णा लांबून बघायचा. दांडा फिरवताना त्याच्या दंडाच्या शिरा तट्ट फुगायच्या.

पौषात, गड्ड्याच्या जत्रेच्या आदल्या आठवड्यात, वेणीमाधवनं तो प्रश्न विचारला. हौदातलं काम पुरं झालं हे मास्तर कशावरून ओळखतात?

वासामुळे तो हौदाकडे पाठ करूनच बसे; मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. दारातून अप्पा दिसत होता. त्यानं लेंड्यांच्या पाण्यातून लड काढली, पिळली आणि जिभेला लावली. तीच लड, तेच बोट परत हौदात गेलं. शेणातलं चाटणारा आणि उष्टं सगळ्यांत मिसळणारा माझा बाप. तो वासानं ओकलेला माणूस माझ्यापुढे वही सरकवून बसलेला.

मी लिहिलं: हाताने पिळून, स्पर्शावरून.

त्यानं वाचलं, मान हलवली, खाली रेघ ओढली. मला वाटलं, बापाची अब्रू राखली.

दोन महिन्यांनी पुण्याहून पत्र्याचा डबा आला. वेणीमाधवनं खुशीत सगळ्यांना अंगणात बोलावलं. लेंड्यांचं काम ही पांढरी पूड करील, म्हणाला. विलायतेत पन्नास वर्षांपासून हेच वापरतात. घाण नाही, वास नाही, प्रत्येक घाणा सारखा. शिवाय आता मी स्वतः हौदापाशी उभा राहू शकेन. हे बोलताना तो लहान मुलासारखा हसला. डब्यावर कवटी आणि हाडं छापलेली होती. त्यानं बजावून सांगितलं, पूड विषारी आहे, पोटात जाता कामा नये, हौदापाशी भाकरी खाऊ नका, पाणी पिऊ नका, हात साबणानं धुवा. मी ते अप्पाला कानडीत सांगितलं. अप्पा म्हणाला, मी कामावर कधी भाकर खाल्लीय?

खोटं नव्हतं. चाटणं म्हणजे खाणं असं त्याला वाटलंच नाही. आपण डोळ्यानं बघतो तसा तो जिभेनं बघायचा. बघण्याला कुणी खाणं म्हणत नाही.

 पण अप्पा जीभ लावतो, हे आता सांगावं असं माझ्या मनात आलं. मग वहीतली ती ओळ आठवली, तिच्याखालची रेघ आठवली. सांगितलं तर मी खोटं लिहिलं हे कळणार. अप्पा थुंकतो तर खरं, असं मी मनाला समजावलं आणि गप्प राहिले.

एका गोष्टीचा मला अंदाज आला नाही. नव्या पाण्यात अप्पाला ओळखीची खूण सापडेना. जीभ आकसायची, पण वेगळीच. तो चिडला. जिथं पूर्वी एकदा टेकवायचा तिथं आता लडीचं टोक तोंडात धरून चोखू लागला. वेणीमाधवला हे दिसलं नाही. पहिल्या दिवशी तो बाजूच्या खोलीत तराजूवर पूड मोजत होता, दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांकडे. मी लिंबाखाली आकडे उतरवत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पाला ओकाऱ्या सुरू झाल्या. आधी पाणी, मग हिरवं, मग रक्त. पोटऱ्यांत असे गोळे यायचे की तो जमिनीवर टाचा आपटायचा. टाचांची कातडी निघाली. अण्णा आणि मी दोघं मिळून त्याला धरायचो आणि तो आम्हाला उडवून द्यायचा. मिलच्या डॉक्टरनं दारातूनच पटकी म्हणून सांगितलं आणि गेला. तिसऱ्या दिवशी अप्पानं दात इतके घट्ट आवळले की जिभेची कड तुटली. उजाडता उजाडता त्यानं माझं मनगट धरलं आणि विचारलं, "सूत काडलं का?" मी काढलं म्हणाले. मग गेला.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. अप्पाला आंघोळ घालून, विभूती लावून भिंतीशी बसवला. तोंड मिटेना, म्हणून हनुवटीखालून फडकं बांधलं. रंगखातं सगळं दारात उभं होतं. तिथंच कुणीतरी म्हणालं की त्या डब्यावर कवटी आहे. कवटी वाचायला शाळा लागत नाही. दुसरा म्हणाला, सोमलाची पूड आहे ती, उंदीर मारायची. तात्याबा सगळ्यांच्या मागे उभा होता, तो पुढे आला. ज्यांच्या पाठी त्यानं वीस वर्षं फोडल्या त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तो बोलू लागला.

"वही भरली," तात्याबा म्हणाला. "आता मास्तर कशाला लागतोय त्यांना? विद्या काडून घेतली आन् माणूस मारला. उद्या तुमची पाळी हाय."

अण्णानं उजवा कान त्याच्याकडे केला होता. 

अप्पाला खड्ड्यात बसवून माती लोटली आणि माणसं परतली ती घरी नाही, मिलकडे. भर दुपार होती. मी मागून धावत निघाले. बायका मला धरत होत्या, कुणीतरी माझा पदर ओढला तो फाटला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला लोकांनी दगडानं पाडलं. मी पोचले तेव्हा तो कपाळ धरून भिंतीशी बसला होता आणि बोटांतून रक्त गळत होतं.

वेणीमाधव लिंबाखालीच होता. पळाला नाही, त्याला कळलंच नव्हतं. अप्पाला पटकी झाली असं त्याला सांगितलेलं, त्यामुळे माणसं आलेली पाहून तो उठून उभा राहिला, नमस्कार केला आणि मास्तर गेल्याचं दुःख झालं असं काहीतरी म्हणू लागला. पहिला ठोसा त्याच्या चष्म्यावर बसला. काच भुवईत घुसली. मग किती हात होते ते दिसलं नाही. टेबल मोडलं, वह्या पायाखाली गेल्या, शाई त्याच्या कोटावर सांडली. एकानं त्याच्याच छत्रीचं टोक बरगडीत खुपसलं. तो 'का' एवढंच विचारत होता. 'का मारता, का?' प्रत्येक 'का' ला एक लाथ.

अण्णानं त्याला कॉलर धरून उचललं आणि रंगाच्या कढईकडे ओढत नेलं. सकाळपासून कुणी भट्टीतलं जळण काढलं नव्हतं, कढई उकळत होती. अण्णानं त्याचा उजवा हात, लिहायचा, कोपरापर्यंत त्या लालात घातला.

तो आवाज मी इथं लिहिणार नाही.

हात बाहेर आला तेव्हा लाल होता आणि कातडं मनगटापाशी मोज्यासारखं लोंबत होतं. माणसं किंचित मागे सरकली. अण्णानं त्याला खाली टाकलं, जवळचा दांडा उचलला, तोच, अप्पाचा, आणि दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. वेणीमाधव जमिनीवर पडून त्या दांड्याकडे नुसता बघत होता.

तोवर माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. मी गर्दीतून कशी शिरले आठवत नाही. मी अण्णाच्या डाव्या बाजूला होते आणि बोलत होते, पण तो कान बंद. त्याला माझा शब्द पोचत नव्हता. मी त्याच्या पुढून, वेणीमाधवला ओलांडून, उजव्या बाजूला गेले आणि पुन्हा बोलले.

"अण्णा, त्यांना म्हाईत नव्हतं."

"सहा महिनं हितं बसला. म्हाईत न्हाय?"

"त्यांनी मला इचारलं होतं. अप्पा कशानं बघतो म्हणून. मी हातानं असं लिवलं. जिभेचं सांगितलंच न्हाय."

 तिथं प्रत्येकाला अप्पाची जीभ ठाऊक होती. ती ह्याला ठाऊक नसेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

अण्णाचा दांडा वरच होता. त्यानं अगदी हळू विचारलं, "का न्हाय सांगितलंस?"

"लाज वाटली," मी म्हणाले.

दांडा खाली आला तो माझ्या तोंडावर. डाव्या गालावर, पूर्ण ताकदीनं. आधी दुखलं नाही. तोंडात खडे आल्यासारखं वाटलं, थुंकले तर चार दात होते. मग जमीन जवळ आली. मी पडले ती वेणीमाधवच्या पायांवर. दुसरा फटका आला नाही. अण्णा दांडा टाकून उभा होता आणि स्वतःच्या हातांकडे बघत होता. तात्याबा मागून ओरडला, "हान की आता बामनाला!" पण बापाला पुरून आलेल्या माणसानं बहिणीचं तोंड फोडलेलं पाहून लोकांचा उत्साह गेला होता. कुणी पुढे आलं नाही. एकानं आपलं मुंडासं सोडून माझ्या तोंडाला दाबलं.

तेवढ्यात पोलीस आले आणि त्यांनी विचारपूस न करता लाठ्या चालवल्या. मुंडासं दाबणाऱ्याचाच हात मोडला. तात्याबा केव्हा निसटला कुणाला कळलं नाही. अण्णा पळाला नाही. त्याला चौघांनी खाली पाडून तुडवलं, तेव्हाही तो ओरडला नाही.

माझा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. इस्पितळात तारेनं बांधला. पुरुषांच्या वॉर्डात वेणीमाधव होता. त्याचा जीव वाचला. हात वाचला नाही, तीन बोटं काढावी लागली. खटल्याच्या आधी मी त्याला भेटायला गेले. बोलता येत नव्हतं म्हणून कागदावर लिहून नेलं: शरणप्पाचं नाव घेऊ नका, तो एकटाच राहिला आहे मला. त्यानं कागद डाव्या हातात धरून वाचला. उजव्या हाताचं पांढरं गाठोडं छातीवर होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तो हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही. मी हो समजून परत आले.

कोर्टात तात्याबा मिलतर्फे साक्षीला आला. स्वच्छ धोतर, कपाळाला गंध. त्या दिवशी आपण बार्शीला लग्नाला गेलो होतो म्हणाला. माझी साक्ष झाली. चेहऱ्याला काय झालं विचारलं, मी हौदाच्या कठड्यावर पडले म्हणाले. तार अजून तोंडात होती, शब्द नीट उमटत नव्हते. न्यायाधीशांनी दोनदा विचारून लिहून घेतलं.

मग वेणीमाधवला उभं केलं. तुमचा हात कढईत कुणी घातला?

तो माझ्याकडे बघत नव्हता. पिंजऱ्यात अण्णा उभा होता त्याच्याकडे त्यानं सरळ पाहिलं आणि म्हणाला, "शरणप्पा कल्लप्पा यांनी. मी पाहिलं."

मला तेव्हा त्याची मान पिळावीशी वाटली. मीच वाचवली होती ती. पण सहा महिने त्याच्या शेजारी बसून मला कळलं होतं की पाहिलेलं सांगणं ह्यापलीकडे त्याला दुसरं काही येत नाही. तो पुढे आपण होऊन म्हणाला, मला आणखी सांगायचं आहे. हौदापाशी मी स्वतः उभं राहायला हवं होतं. वास सहन होत नाही म्हणून मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि जे स्वतः पाहिलं नव्हतं त्याच्या भरवशावर त्यांना विष दिलं. हेही लिहून घ्या. न्यायाधीश म्हणाले, ते या खटल्यात येत नाही. कारकुनानं टाक खाली ठेवला.

अण्णाला चार वर्षं सक्तमजुरी झाली. कॉलेजनं करार मोडला. डबा मिलनं परत पाठवला आणि लेंड्यांची पोती पुन्हा येऊ लागली, पण खूण ओळखणारी जीभ नव्हती. वर्षभरात लाल बंद झाला. मला मॅनेजरसाहेबांनी एकदा बोलावून विचारलं होतं, तुला येतं का ते? लहानपणी अप्पाला जेवण न्यायची तेव्हा त्यानं मला कितीदा चाखायला लावलं होतं. मी येत नाही म्हणाले.

शिक्षा सांगितल्यावर अण्णाला बेड्या घालून कोर्टाच्या व्हरांड्यातून नेत होते. मी खांबाशी उभी होते. शिपायानं त्याला क्षणभर थांबू दिलं. अण्णा पुढे येऊन उजवा कान माझ्याकडे करून उभा राहिला, माझ्या तोंडाकडे बघत.

"दुकतं का गं अजून?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि तो शिपायाबरोबर जिना उतरून गेला.